युवक-विकास संशोधन कार्यक्रमाचे सहसमन्वयकपद : कामाची वाटणी कशी करावी आणि सुरुवात कोठून करावी?

गोदाकाठ

सर्वांना नमस्कार. मी मराठवाड्यातील एका विद्यापीठात समाजकार्य हा विषय शिकवते. आमच्या विद्यापीठाने या शैक्षणिक वर्षापासून युवक-विकासावरील संशोधनाचा तीन वर्षांचा कार्यक्रम सुरू केला आहे. मानसशास्त्र विभागातील एक ज्येष्ठ प्राध्यापक त्याचे समन्वयक असून सहसमन्वयक म्हणून माझी नियुक्ती झाली आहे. नियुक्तिपत्रात माझ्या कामाविषयी ‘कार्यक्रमाचे नियोजन व अंमलबजावणी यांत समन्वयकांना साहाय्य करणे’ एवढीच एक ओळ आहे. सरांशी माझे संबंध उत्तम आहेत आणि त्यांचा अधिकारही मोठा आहे. परंतु साहाय्य म्हणजे पत्रांचे मसुदे करणे आणि बैठकीच्या चहापाण्याची व्यवस्था पाहणे, की संशोधनाविषयीच्या निर्णयांत वाटा असणे, हे अद्याप कोणीही स्पष्ट केलेले नाही.

कार्यक्रमाचा आराखडा थोडक्यात असा आहे. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणाने मानलेला १५ ते २९ हा वयोगट आम्ही घेतला आहे आणि दोन तालुक्यांतील युवक-युवतींचे शिक्षण, रोजगार, मानसिक स्वास्थ्य व सामाजिक सहभाग यांचा अभ्यास करायचा आहे. पहिल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांकडून दहा हजार प्रश्नावल्या भरून घ्याव्यात, अशी वरिष्ठांची अपेक्षा आहे. हा आकडा कशाच्या आधारे ठरला, याचे उत्तर मला मिळाले नाही. मूल्यांकनाच्या अहवालात तो भारदस्त दिसेल, एवढे मात्र बैठकीत बोलले गेले.

प्रश्नावलीचा कच्चा मसुदा घेऊन मी दोन गावांत जाऊन आले. पहिल्या गावाच्या फाट्यावर पोलीस भरतीसाठी पहाटे धावण्याचा सराव करणारी मुले भेटली. त्यांच्यातील १६०० मीटरची वेळ मोबाइलवर मोजणाऱ्या एका पदवीधर तरुणाला मी प्रश्नावली दाखवली. ‘सध्याची स्थिती’ या प्रश्नाखाली विद्यार्थी, नोकरदार, स्वयंरोजगार, शेती आणि बेरोजगार असे पर्याय होते. त्याने ते सगळे वाचले आणि “यात मी कुठे बसतो ते तुम्हीच सांगा, मॅडम,” असे म्हणून कागद परत दिला. तो पहाटे धावतो, दुपारी तालुक्याच्या अभ्यासिकेत बसतो, सुगीत घरचे सोयाबीन काढायला जातो आणि भरतीची जाहिरात कधी निघेल याची वाट पाहतो. पदवी मिळाल्यापासून त्याचा हाच क्रम चालू आहे. दुसऱ्या गावात एका सतरा वर्षांच्या मुलीशी बोलत असताना तिची आई आणि चुलती दारातच बसून राहिल्या, आणि मुलीने पाच पर्यायांच्या प्रत्येक विधानापुढे ‘पूर्ण सहमत’ असे उत्तर दिले.

तेव्हापासून दहा हजारांच्या आकड्यावरचा माझा विश्वास उडाला आहे. ज्येष्ठ समन्वयकांचा मान राखून कामाची वाटणी कशी ठरवावी, स्वयंसेवकांकडून माहिती गोळा करणे योग्य आहे का, अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या बाबतीत कोणती काळजी घ्यावी आणि ज्या गावांत आम्ही जाणार त्यांच्या हाती शेवटी काय पडणार, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

बाभूळबन

मॅडम, राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी म्हणून आणि नंतर विद्यापीठाच्या कक्षात दीर्घकाळ काम करून मी निवृत्त झालो आहे. संशोधनाच्या पद्धतीविषयी इतर जाणकार सांगतीलच. मी कचेरीतल्या आणि गावातल्या व्यवहाराविषयी लिहितो.

नियुक्तिपत्रातील ती मोघम ओळ तुम्हाला अडचणीची वाटते आहे, पण माझ्या मते ती सोयीची आहे, कारण तिचा अर्थ अजून कोणी ठरवलेला नाही आणि तो ठरवण्याची संधी तुमच्याकडे आहे. पुढच्या बैठकीआधी सरांबरोबर निवांत बसून कामाची वाटणी ठरवावी, ती बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावी आणि मग एका पानाची टिपणी सादर करून तिला रीतसर मान्यता मिळवावी. तोंडी ठरलेले पुढे कोणाच्याच लक्षात राहत नाही, आणि समन्वयक बदलले की नव्या माणसाला सगळे पहिल्यापासून सांगत बसावे लागते. ज्या कामांना ज्येष्ठतेचे वजन लागते, म्हणजे वरिष्ठांशी बोलणे, निधी मिळवणे, प्राचार्यांना पत्रे पाठवणे, अन्य विभागांचे सहकार्य मागणे, ती सरांकडे असू द्यावीत. क्षेत्रकार्याचे वेळापत्रक, अन्वेषकांचे (गावात जाऊन माहिती गोळा करणाऱ्यांचे) प्रशिक्षण आणि गोळा झालेल्या माहितीचा ताबा या तीन गोष्टी मात्र तुमच्या नावावर असल्याच पाहिजेत. पैशांबाबत एवढेच सांगतो की अग्रिम (खर्चासाठीची आगाऊ रक्कम) तुमच्या नावावर निघणार असेल, तर त्या रकमेचे समायोजन, म्हणजे तिचा हिशेब देणे, आणि मार्चअखेरचे उपयोगिता प्रमाणपत्र यांची जबाबदारीही तुमच्यावर येते. म्हणून खर्चाच्या मान्यतेत तुमची स्वाक्षरी आधीपासून असावी.

आता वेळापत्रकाविषयी. तुमच्या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे असतील, तर ती दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये, हंगाम लांबला तर आणखी उशिरा, परत येतात. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची विशेष शिबिरे बहुधा हिवाळ्यात होतात, आणि शिबिरात सर्वेक्षण उरकून घेण्याचा मोह प्रत्येक विद्यापीठाला होतो. तसे केले तर ज्या तरुणांच्या विकासाविषयी बोलायचे, नेमके तेच तरुण तुमच्या नमुन्यात, म्हणजे अभ्यासासाठी निवडलेल्यांत, नसतील आणि हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही. जुलै ते सप्टेंबर हा काळ धरावा. निंदणी-खुरपणीची कामे चालू असतात हे खरे, पण माणसे गावात असतात.

दुसरा प्रश्न नावांच्या यादीचा आहे. मतदार यादी सहज मिळते, पण तीत अठरा वर्षांखालचे कोणी नसते आणि लग्न होऊन आलेल्या मुलींची नावे पुष्कळदा माहेरच्याच यादीत राहिलेली असतात. महाविद्यालयाची यादी घेतली तर शिक्षण सोडलेली मुले सुटतात. माझ्या अनुभवाने अंगणवाडी सेविकेचे कुटुंब सर्वेक्षणाचे रजिस्टर सर्वांत भरवशाचे असते, कारण घरात कोण आहे, कोण बाहेरगावी आहे आणि कोण नुकते नांदायला आले आहे, हे तिला तोंडपाठ असते. तिच्याकडे कामांचा ढीग असतो, म्हणून तिला योग्य मानधन द्यावे आणि ते अंदाजपत्रकात आधीच धरावे.

स्वयंसेवकांच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूने बोलणार, हे उघड आहे. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली, आणि गावाशी नाते जोडण्याची एवढी मोठी यंत्रणा विद्यापीठांकडे दुसरी नाही. दत्तक गावातील सरपंचापासून शिक्षकांपर्यंत सर्वजण आमच्या मुलांना ओळखतात. बाहेरून नेमलेल्या अन्वेषकाला जी ओळख मिळवायला आठवडा लागतो, ती त्यांच्याकडे पहिल्याच दिवशी असते. मात्र दहा हजारांचा आग्रह सोडून द्यावा. ती निव्वळ खोगीरभरती होईल. वर्षाला १२० तास देणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती प्रश्नावल्यांचा गठ्ठा दिला, तर निम्म्या प्रश्नावल्या वसतिगृहाच्या खोलीत बसून भरल्या जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

सदाफुली

मी मुंबईत सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात संशोधन करते आणि संशोधनाचे प्रस्ताव नैतिकतेच्या दृष्टीने तपासणाऱ्या एका संस्थात्मक समितीवर काही वर्षे काम पाहते. वरील प्रतिसादातील वेळापत्रक आणि यादी यांविषयीची सूचना लाखमोलाची आहे. स्वयंसेवकांविषयी मात्र माझे मत नेमके उलट आहे, आणि ज्या ओळखीचे कौतुक वर केले आहे, त्या ओळखीमुळेच ते उलट आहे.

गावात सरपंचापासून सर्वांना ओळखणारा स्वयंसेवक हा बहुधा त्याच पंचक्रोशीतला, कोणाच्या तरी भावकीतला, कोणाच्या तरी वर्गातला असतो. रस्ता, पाणी, शौचालय यांची मोजणी करायला ही ओळख उपयोगी पडते. पण “गेल्या महिन्यात तुम्हाला किती वेळा निराश वाटले”, “लग्नाचा निर्णय कोणी घेतला”, “घरातून बाहेर पडायला परवानगी लागते का”, हे प्रश्न आपल्या चुलत भावाच्या मित्राने विचारले, तर कोणती मुलगी खरे सांगेल? तुमच्या त्या ‘पूर्ण सहमत’ म्हणणाऱ्या मुलीने दारात बसलेल्या दोघींना ऐकू जाईल असेच उत्तर दिले, आणि तिच्या जागी कोणीही शहाण्या माणसाने तेच केले असते. शिवाय स्वयंसेवक स्वतःही कार्यक्रम अधिकाऱ्याच्या अधिकाराखाली असतो. काही विद्यापीठांत त्याला या कामाचे वाढीव गुण मिळतात. ‘मला हे काम करायचे नाही’ असे तो मोकळेपणाने म्हणू शकत नसेल, तर त्याच्या सहभागाला ऐच्छिक कसे म्हणावे?

यावर एक व्यवहार्य तोडगा आहे. घरांची यादी करणे, कार्यक्रमाची माहिती देणे, भेटीची वेळ ठरवणे ही कामे स्थानिक स्वयंसेवकांनी करावीत. मुलाखती मात्र दुसऱ्या तालुक्यातील प्रशिक्षित अन्वेषकांनी घ्याव्यात, आणि मुलींच्या मुलाखती स्त्री अन्वेषकांनीच. जागा अशी निवडावी की जिथे दोघे दिसतील, पण त्यांचे बोलणे ऐकू जाणार नाही. रविवारी शाळेची पडवी किंवा देवळासमोरचा पार त्यासाठी चालतो. बंद खोली चालत नाही, कारण गावात त्यातून वेगळीच चर्चा सुरू होते.

पंधरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींविषयी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीसाठी पालकांची संमती लागते आणि बारा वर्षांपुढच्या मुलामुलीची स्वतःची लेखी अनुमतीही वेगळी घ्यावी लागते. व्यवहारात याचा अर्थ असा की वडिलांनी सही केली तरी मुलगी नको म्हणाली, तर मुलाखत होणार नाही. आणि तिला नको म्हणता यावे म्हणून हा प्रश्न तिला एकटीला विचारला पाहिजे. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे. म्हणून नाव आणि मोबाइल क्रमांक एका फाइलमध्ये, उत्तरे दुसऱ्या फाइलमध्ये आणि दोन्ही जोडणारा सांकेतिक क्रमांक तिसऱ्याच ठिकाणी, असे पहिल्या दिवसापासून ठेवावे. प्रश्नावल्यांची छायाचित्रे गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकण्याची जी सवय क्षेत्रकार्यात बोकाळली आहे, तिला लेखी मनाई करावी.

सर्वांत अवघड मुद्दा गुप्ततेच्या आश्वासनाचा आहे. ‘तुम्ही सांगाल ते आमच्यापाशीच राहील’ हे वाक्य आपण सर्रास छापतो, पण अल्पवयीनांच्या बाबतीत ते कायद्याने खरे नसते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याच्या कलम १९ नुसार अशा अपराधाची माहिती मिळालेल्या प्रत्येक व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे, आणि न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. या कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या संमतीला अर्थ नसल्यामुळे सतरा वर्षांच्या मुलीने आपल्या प्रेमसंबंधाविषयी विश्वासाने सांगितले, तरी अन्वेषक पेचात सापडतो. तेव्हा ही मर्यादा अनुमतिपत्रात सोप्या शब्दांत आधीच सांगावी. त्याचबरोबर असे प्रश्न या वयोगटाला विचारण्याची खरोखर गरज आहे का, याचा विचार करावा. ज्या उत्तराला सामोरे जाण्याची आपली तयारी नाही, तो प्रश्न केवळ प्रश्नावलीत जागा आहे म्हणून विचारू नये. मानसिक ताणाविषयी विचारणार असाल, तर त्याच दिवशी बोलू शकेल असा समुपदेशक ठरलेला हवा, आणि टेली-मानस (मानसिक आरोग्यासाठीची हेल्पलाइन) १४४१६ व चाइल्डलाइन (बालकांसाठीची हेल्पलाइन) १०९८ हे क्रमांक प्रत्येकाला कागदावर देऊन ठेवावेत.

कामाच्या वाटणीच्या संदर्भात माझी एकच सूचना आहे. बाभूळबन सरांनी तुमच्या नावावर ठेवायला सांगितलेल्या तीन गोष्टींत चौथी जोडावी : काही गैर घडते आहे असे दिसले, तर क्षेत्रकार्य तेथल्या तेथे थांबवण्याचा अधिकार. समन्वयक बहुधा विद्यापीठात असतील आणि गावात तुम्ही असाल. हा अधिकार टिपणीत लिहिलेला नसेल, तर प्रत्यक्ष प्रसंगी फोनाफोनीत दिवस जातो.

सातासमुद्रापार

ताई, मी मूळची अहिल्यानगर जिल्ह्यातली असून सध्या न्यूयॉर्क राज्यात विस्तार शिक्षणाशी संबंधित काम करते. इकडची उदाहरणे जशीच्या तशी तिकडे लागू पडत नाहीत, पण ‘गावाच्या हाती काय पडणार’ या तुमच्या शेवटच्या प्रश्नाशी जोडलेली एक व्यवस्था सांगण्यासारखी आहे.

अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने जमिनीच्या अनुदानावर काही विद्यापीठे उभी राहिली आणि १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने त्यांच्यावर विस्तारकार्याची जबाबदारी आली. विद्यापीठात जे शिकले-शोधले जाते ते शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवायचे, हा त्याचा उद्देश होता. ग्रामीण मुलांसाठी ओहायोमध्ये १९०२ साली सुरू झालेली मंडळे याच व्यवस्थेत सामावली गेली आणि ‘४-एच’ या नावाने देशभर पसरली. मक्याचे पीक आणि टोमॅटोचे डबे यांपासून सुरू झालेल्या या मंडळांत आज संगणकापासून नागरी जबाबदारीपर्यंत सर्व काही शिकवले जाते. न्यूयॉर्क राज्यात हे काम कॉर्नेल विद्यापीठाकडे आहे. तेथील ब्रॉन्फेनब्रेनर केंद्रात युवक-विकास व सहभाग यांवरील संशोधनाचा एक कार्यक्रम चालतो आणि तो ४-एचच्या कार्यकर्त्यांशी बांधलेला आहे. मुलांबरोबर रोज काम करणाऱ्या या कार्यकर्त्यांचे प्रश्न संशोधकांपर्यंत यावेत आणि संशोधकांचे निष्कर्ष त्यांच्यापर्यंत जावेत, यासाठी दोन्ही बाजू ठरवून एकत्र बसतात. तुमच्याकडे अशी बाजू कोणाची असेल, हे पहिल्या महिन्यातच ठरवावे. कार्यक्रम अधिकारी, माध्यमिक शाळांचे शिक्षक, अभ्यासिका चालवणारे, बचतगटाच्या ताई, यांतील सात-आठ जणांची एक समिती करून प्रश्नावलीचा मसुदा छापण्याआधी तिच्यापुढे ठेवला असता, तर भरतीची तयारी करणाऱ्या मुलासाठी पर्याय नाही, हे कोणीतरी पहिल्याच बैठकीत सांगितले असते.

ज्यांचे नाव त्या केंद्राला आहे, ते मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांचे नाव तुमच्या समन्वयकांना परिचित असेलच. १९७९ साली त्यांनी जी मांडणी केली, तिच्यात मुलाच्या वाढीभोवती घर, शाळा, शेजार अशी वर्तुळे तर आहेतच. पण जिथे मूल स्वतः कधी नसते तरी जिथले निर्णय त्याच्यावर परिणाम करतात, असेही एक वर्तुळ आहे. पाठ्यपुस्तकात याचे उदाहरण म्हणून आईवडिलांचे कार्यालय दिलेले असते. मराठवाड्यात ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे मजुरीपोटी आधीच घेतलेली रक्कम, हे त्याचे कितीतरी अधिक नेमके उदाहरण ठरेल : तो व्यवहार होत असताना मुलगा तिथे नसतो, पण त्याचे दहावीचे वर्ष गावात जाणार की उसाच्या फडावर, हे त्या रकमेवर ठरते. तुमच्या प्रश्नावलीत कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाचा रकाना नक्की असेल. उचलीचा आहे का, ते पाहावे.

नमुन्याविषयी एक गोष्ट. टफ्ट्स विद्यापीठाचे रिचर्ड लर्नर आणि त्यांचे सहकारी यांनी २००२ पासून ४-एचच्या संदर्भात जो अभ्यास केला, तो पाचवीच्या मुलांपासून सुरू झाला आणि पुढे अनेक वर्षे चालला. क्षमता, आत्मविश्वास, नातेसंबंध, चारित्र्य आणि आस्था या पाच गोष्टी वाढल्या की तरुण समाजासाठी काही करू लागतो, अशी त्यांची भूमिका आहे. त्या पाच गोष्टी आपल्याकडे याच रूपात मोजाव्यात का, यावर वाद होऊ शकतो, आणि मला स्वतःला त्यांतील विधाने फार वैयक्तिक वळणाची वाटतात. एकत्र कुटुंबातल्या मुलीला ‘माझे निर्णय मी घेते’ या विधानावर गुण देणे मला पटत नाही. परंतु विकास मोजायचा तर वेळ मध्ये जावा लागतो, हे त्यांच्या पद्धतीतून घेण्यासारखे आहे. तुमच्याकडे तीन वर्षे आहेत. दहा हजारांना एकदा भेटण्याऐवजी हजार-बाराशे जणांना दरवर्षी एकदा, असे तीनदा भेटलात, तर तो भरतीवाला मुलगा तिसऱ्या वर्षी कोठे आहे, हे तुम्हाला सांगता येईल, आणि ही माहिती आज फारशी कोणाकडे नाही.

लोकलचा प्रवासी

वरच्या सर्वांपेक्षा माझा अनुभव लहान आहे, पण तो दुसऱ्या बाजूचा असल्यामुळे लिहितो. मुंबईच्या एका वस्तीत वाढलेला मी अशाच एका युवा संशोधन उपक्रमात सहभागी झालो होतो. मुंबईत ‘पुकार’सारख्या संस्थांनी तरुणांच्या गटांना त्यांच्याच आयुष्यातल्या प्रश्नांवर संशोधन करायला शिकवले, आणि संशोधन हा सामान्य माणसाचाही हक्क आहे, ही अर्जुन अप्पादुराई यांनी २००६ साली मांडलेली भूमिका त्या कामामागे आहे. आमच्या गटाने वस्तीतल्या मुलांना अभ्यासाला जागा कोठे मिळते, याचा शोध घेतला होता. विषय आम्ही निवडला होता आणि प्रश्नही आम्हीच लिहिले होते. म्हणून ‘तुम्ही हे का विचारता’ असे कोणी म्हटले, की उत्तर देता येत असे.

या चर्चेत स्वयंसेवकांनी मुलाखती घ्याव्यात की नुसत्या याद्या कराव्यात, यावर बरेच लिहिले गेले. पण दोन्ही मतांत तरुणांच्या वाट्याला आले ते हमालीचे काम. रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांवर मुले शोभेपुरती असतात आणि त्याला हार्ट सहभाग मानत नाहीत. तुमच्या कार्यक्रमात भरतीची तयारी करणारे चार-पाच जण, शिक्षण सोडलेल्या दोन-तीन मुली आणि फडावर जाऊन आलेली मुले यांचा एक सल्लागार गट असावा, त्यांना बैठकीचा प्रवासखर्च आणि मानधन मिळावे, आणि आकडे आल्यावर त्यांचा अर्थ काय, हे पहिल्यांदा त्यांना विचारले जावे. सदाफुली मॅडमनी लिहिलेले गुप्ततेचे नियम या गटालाही लागू असावेत, म्हणजे कोणाचीही वैयक्तिक उत्तरे त्यांच्यापुढे जाणार नाहीत.

आणि एक व्यवहाराची बाब. आता पदवी अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि सामुदायिक सहभागाचे श्रेयांक (क्रेडिट) आले आहेत. दोन श्रेयांकांसाठी विद्यार्थी साठ तास देतो. या तासांत त्याला नुसते कागद भरायला लावण्यापेक्षा त्याच्या गावातला एक लहानसा प्रश्न त्याला स्वतः शोधू द्यावा. त्यातले सगळे संशोधन उत्तम नसेल, पण तो विद्यार्थी पुढच्या वेळी तुमची प्रश्नावली वसतिगृहात बसून भरणार नाही.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात सरांशी सविस्तर बोलणे झाले. नमुना लहान करून त्याच तरुणांना तीन वर्षे भेटण्याची कल्पना त्यांना लगेच पटली. कदाचित मानसशास्त्राच्या अभ्यासकाला ती पटणे स्वाभाविकच असावे. दहा हजारांच्या आकड्याविषयी वरिष्ठांशी ते स्वतः बोलणार आहेत. तिकडून काय उत्तर येते ते पाहायचे. कामाच्या वाटणीची टिपणी मी लिहिली असून क्षेत्रकार्य थांबवण्याचा अधिकार तीत घातला आहे. सरांनी तिथे ‘समन्वयकांना त्याच दिवशी लेखी कळवून’ एवढे शब्द जोडले, आणि ते मला रास्त वाटले.

स्वयंसेवकांबाबत सदाफुली मॅडमचा तोडगा आम्ही स्वीकारतो आहोत. बाभूळबन सरांना तो पूर्ण पटणार नाही, याची मला कल्पना आहे. तरुणांचा सल्लागार गट करण्याविषयी मात्र सर थोडे साशंक आहेत. अभ्यासाचे विषय असलेल्यांनीच अभ्यासाचा अर्थ लावला तर तटस्थता राहील का, असा त्यांचा प्रश्न आहे. पहिल्या वर्षी गट करून पाहू, त्याच्या सूचना आणि आम्ही घेतलेले निर्णय वेगवेगळे नोंदवू आणि वर्षअखेरीस पुन्हा विचार करू, असे ठरले आहे. उचलीचा प्रश्न आणि भरतीच्या तयारीचा पर्याय प्रश्नावलीत आला आहे.

एक बाब राहिली. पहिल्या वर्षाचे निष्कर्ष गावात कधी आणि कसे सांगावेत? विद्यापीठात परिसंवाद होईल, पण तेथे गावातले कोणी येणार नाही.

बाभूळबन

स्वयंसेवकांविषयीचे माझे मत बदललेले नाही, पण मुलाखतींच्या बाबतीत सदाफुली मॅडमचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही, हेही मान्य करतो.

निष्कर्ष सांगण्यासाठी १ मेची ग्रामसभा धरावी. २६ जानेवारी आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांच्या वेळी तोडणीवाली कुटुंबे एक तर फडावर असतात किंवा निघण्याच्या घाईत असतात, आणि १५ ऑगस्टला तुमची पुढच्या वर्षीची माहिती गोळा करण्याची धांदल चालू असेल. मे महिन्यात माणसे परत आलेली असतात. मात्र ग्रामसभेत तरुण उभे राहून बोलत नाहीत आणि मुली तर येतच नाहीत, म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी शाळेत तरुणांची वेगळी बैठक घ्यावी. मुलींची बैठक दुपारी, अंगणवाडी सेविकेच्या मदतीने व्हावी. गाव लहान असेल तर गावनिहाय आकडे देऊ नयेत, कारण ‘शिक्षण सोडलेल्या विवाहित मुली : तीन’ असे फळ्यावर लिहिले की त्या तिघी कोण, हे सगळ्यांना कळते. त्याऐवजी तालुक्याचे आकडे सांगावेत. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांना पत्र मार्चमध्येच द्यावे, म्हणजे विषयपत्रिकेत जागा मिळते. या बैठकांचा खर्चही ‘सभा व बैठका’ या शीर्षाखाली आताच्या अंदाजपत्रकात धरून ठेवावा. मागाहून त्याला मान्यता मिळवणे फार जिकिरीचे जाते.